दोघांचं एकच मत असतं, तेव्हा ते कुणाचं असतं?

प्रेमात असलेल्या माणसाला एखाद्या साध्या गोष्टीबद्दल विचारून बघा: तुला स्वतःला काय वाटतं? पुष्कळदा उत्तर यायला क्षणभर वेळ लागतो. प्रश्न अवघड असतो म्हणून नव्हे. जोडीदाराला काय वाटतं ते आधी आठवतं, आणि आपलं मत त्याच्यामागून येतं. कधी येतही नाही. नात्यात माणूस स्वतःला हरवून बसतो असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मोठे त्याग येतात; सोडलेली नोकरी, बदललेलं शहर, तुटलेली मैत्री. माझ्या मते ते सगळं पुढचं आहे. सर्वात आधी जातं ते स्वतःचं मत बनवण्याची सवय. ती जाताना भांडण होत नाही, रडारड होत नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे, की नात्यात जपायला हवं ते हे मत, आणि ते जपण्याची जबाबदारी ज्याचं मत जातं आहे त्याच्यापेक्षा ज्याचं मत टिकतं आहे त्याच्यावर अधिक आहे.

‘दोन जीव एक होणं’ ही कल्पना फार जुनी आहे आणि सुंदरही आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या एका संवादात नाटककार अॅरिस्टोफनीस सांगतो, की माणसं मूळची दुप्पट होती. देवांचा राजा झ्यूस याने त्यांचे दोन तुकडे केले आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपला दुसरा अर्धा भाग शोधत फिरतो. या कथेत निदान दोन्ही अर्ध्यांचं वजन सारखं आहे. प्रत्यक्षात ही कल्पना कायद्यात उतरली तेव्हा ते वजन सारखं राहिलं नाही. इंग्लंडचा कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याने 1765 मध्ये स्वच्छ लिहून ठेवलं, की विवाहाने पती-पत्नी कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होतात, आणि विवाह टिकून असेपर्यंत स्त्रीचं कायदेशीर अस्तित्व स्थगित होतं किंवा पतीच्या अस्तित्वात सामावलं जातं. दोघांची बेरीज एक, आणि तो एक कोण हे आधीच ठरलेलं. ब्लॅकस्टोन हे अन्याय म्हणून नोंदवत नव्हता. पत्नीच्या रक्षणासाठीच ही व्यवस्था आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. जवळिकीच्या नावाखाली जे काढून घेतलं जातं, ते बहुधा काळजीच्याच भाषेत काढून घेतलं जातं.

दोघं मिळून एक, या कल्पनेचे परिणाम खूप दूरपर्यंत गेले. विवाहित स्त्रीची कमाई तिचीच, हे इंग्लंडच्या कायद्याने मान्य केलं 1870 मध्ये. तिची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरायला 1882 चा कायदा यावा लागला. फ्रान्समध्ये पतीच्या संमतीशिवाय नोकरी करण्याचा आणि बँकेत खातं उघडण्याचा हक्क विवाहितेला मिळाला 1965 मध्ये. पश्चिम जर्मनीत तर 1977 पर्यंत पत्नीने बाहेर काम करावं ते संसाराच्या कर्तव्यांना बाधा येत नसेल तरच, असा नियम होता. यातल्या काही तारखा आज हयात असलेल्या माणसांच्या आठवणीतल्या आहेत. अमेरिकेत ल्यूसी स्टोन या स्त्री-हक्कांच्या चळवळीतल्या स्त्रीने 1855 मध्ये लग्न केलं, पण आडनाव स्वतःचंच ठेवलं. पुढे 1879 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा समितीच्या निवडणुकीत स्त्रियांना मत देता येऊ लागलं, तेव्हा पतीचं आडनाव लावत नाही म्हणून तिला मतदार यादीत घेतलं गेलं नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या बाईवर ही वेळ आली.

आता हे कायदे बहुतेक ठिकाणी गेले. सवय मात्र गेली नाही. जपानचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. तिथल्या नागरी कायद्यानुसार विवाहानंतर दोघांचं आडनाव एकच असावं लागतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये हा नियम घटनेला धरून आहे असं ठरवलं. कायदा कुणाचंही नाव घेत नाही. पतीचं घ्या, पत्नीचं घ्या, तुम्हीच ठरवा, असं तो म्हणतो. तरीही सुमारे 95 टक्के जोडप्यांत आडनाव बदलते ती स्त्री. दोघांनी मिळून ठरवा, असं सांगितलं की निर्णय आपोआप बरोबरीचा होतो, हा समज इथे उघडा पडतो. ज्याच्या बाजूने रिवाज आहे, पैसा आहे, वय आहे किंवा नुसता मोठा आवाज आहे, त्याच्या दिशेने एकमत घरंगळत जातं. हे फक्त स्त्री-पुरुषांच्या नात्यातच होतं असंही नाही. दोन पुरुषांच्या, दोन स्त्रियांच्या नात्यातही एकाचं पारडं जड असू शकतं. आणि अशी घरंही असतात जिथे दबून राहणारा तो असतो. दिशा बदलते, घडतं ते तेच.

या म्हणण्यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. एकमेकांत मिसळणं ही प्रेमातली चूक नाही, तेच तर प्रेम आहे, असं कुणी म्हणेल. संशोधनही बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने उभं राहील. मानसशास्त्रज्ञ आर्थर अॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये एक अगदी सोपी मोजपट्टी तयार केली. दोन वर्तुळांची सात चित्रं; पहिल्यात वर्तुळं सुटी, शेवटच्यात जवळजवळ एकमेकांवर. तुमचं नातं कोणत्या चित्रासारखं आहे ते दाखवा, एवढाच प्रश्न. ज्यांची वर्तुळं जास्त मिसळलेली असतात ती माणसं साधारणपणे नात्यात जास्त समाधानी आढळतात. मी हे नाकारत नाही. नाकारून चालणारही नाही.

पण त्याच अॅरन यांचं 1995 चं दुसरं काम बघा. विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या गटाला दहा आठवड्यांच्या काळात पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, की आज तू कोण आहेस? जे सुचेल ते लिही. या काळात जे प्रेमात पडले, त्यांची स्वतःबद्दलची वर्णनं प्रेमानंतर अधिक विविध झाली होती. आधी नसलेल्या गोष्टी त्यांत आल्या होत्या. आपल्याला काही जमतं हा विश्वासही वाढला होता. म्हणजे चांगल्या प्रेमात माणूस भरत जातो. दुसऱ्याचं संगीत, दुसऱ्याची पुस्तकं, दुसऱ्याची धिटाई आपल्यात येते आणि आपलं आधीचंही राहतं. वर्तुळं एकमेकांवर येणं आणि एक वर्तुळ आक्रसून दुसऱ्याच्या आत जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण दोन्हींना प्रेमच म्हणत आलो.

पुढे ब्रेंट मॅटिंग्ली, गॅरी लेवंडोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हा फरक नीट मांडला. नात्यामुळे माणसात चार प्रकारे बदल होऊ शकतात, असं ते म्हणतात: चांगलं काही वाढतं, वाईट काही गळून पडतं, चांगलं काही कमी होतं, किंवा वाईट काही येऊन चिकटतं. पहिले दोन नात्याला पोसतात, पुढचे दोन पोखरतात. मला ही मांडणी आवडते, कारण ती ‘बदलू नकोस’ असा अशक्य सल्ला देत नाही. प्रेमात पडून जसाच्या तसा राहिलेला माणूस प्रेमात पडला होता का, याचीच मला शंका येईल. रागीट माणूस नात्यात मऊ झाला, उधळ्या सावध झाला, तर त्याने स्वतःला गमावलं असं कोण म्हणेल? प्रश्न बदलाचा नाहीच. काय गेलं, काय आलं, आणि ते कुणी ठरवलं, हा प्रश्न आहे. यातला ‘कुणी ठरवलं’ हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तो मोजपट्टीत मावत नाही.

हल्ली या दुखण्यावर एक तयार औषध सांगितलं जातं: स्पेस. एकमेकांना स्पेस द्या, वेगळे छंद ठेवा, आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःसाठी, वर्षातून एकदा एकट्याने प्रवास. यात वाईट काही नाही. मला अडचण वाटते ती ‘द्या’ या आज्ञेची. दिलेली मोकळीक परतही घेता येते. देणारा मालक आणि घेणारा पाहुणा, हे नातं तसंच राहतं. शिवाय माणूस दर आठवड्याला एकटा डोंगर चढत असेल आणि घरी येऊन कोणत्याही गंभीर प्रश्नावर जोडीदाराचं वाक्य स्वतःचं म्हणून बोलत असेल, तर त्या डोंगराने काय राखलं? उलट अशी जोडपी असतात जी दिवसभर एकत्र काम करतात, एकत्र फिरतात, मित्रही तेच, आणि तरी एकमेकांशी असा कडाडून वाद घालतात, की ऐकणाऱ्याला वाटावं आता संपलं. काहीही संपलेलं नसतं. दोघंही तिथे पूर्णपणे हजर असतात, एवढंच.

कुटुंबांचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला शारीरिक अंतरापासून वेगळं काढलं. जवळच्या माणसाच्या भावनांचा दाब येत असतानाही स्वतःचा विचार शाबूत ठेवता येणं, आणि तरी त्या माणसाशी जोडलेलं राहता येणं, ही परिपक्वतेची खूण आहे असं ते मानत. त्यांचं एक निरीक्षण विशेष लक्षात ठेवण्याजोगं आहे. दाब सहन न होणारी माणसं दोन गोष्टी करतात: विरघळून जातात किंवा संबंध तोडतात. दिसायला ही टोकं वेगळी, पण दोन्हींच्या मुळाशी एकच असमर्थता असते. म्हणून घर सोडून गेलेला प्रत्येक माणूस स्वतंत्र झालेला नसतो. ज्याला समोर बसून ‘मला हे पटत नाही’ म्हणता आलं नाही, तो पुढच्या नात्यातही तेच न बोललेलं घेऊन जातो.

हे वाक्य एवढं जड का होतं? डॅना क्रॉली जॅक यांनी नैराश्याने ग्रासलेल्या स्त्रियांशी दीर्घ बोलून 1991 मध्ये जे मांडलं, त्यात मला याचं उत्तर सापडतं. नातं टिकावं म्हणून या स्त्रिया स्वतःचा आवाज आत दाबत होत्या. बाहेरून समजूतदार, हसतमुख. आतून संतप्त आणि दुभंगलेल्या. स्वतःकडे बघण्याची त्यांची नजरही उसनी झाली होती: मी चांगली आहे की नाही हे त्याला काय वाटेल यावरून ठरत होतं. यांना कुणी गप्प बसवलं होतं असं प्रत्येक वेळी नसतं. पहिल्यांदा वेगळं मत सांगितलं तेव्हा समोरचा तीन दिवस बोलला नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की तुझं माझ्यावर प्रेम आहे ना? तिसऱ्यांदा ते मत ओठांपर्यंत आलंच नाही. मग काही वर्षांनी ते मनातही येईनासं होतं, आणि ‘आमच्यात कधी वादच होत नाहीत’ असं दोघंही अभिमानाने सांगू लागतात.

इथे मला त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे, ज्याच्याबद्दल या विषयावर फार कमी लिहिलं जातं. सल्ले सगळे हरवणाऱ्याला दिले जातात: तू खंबीर हो, तू सीमा आखायला शीक, तू नाही म्हणायला शीक. जिच्या पायाखालची जमीन आधीच सरकली आहे, तिलाच आणखी एक काम. पण ज्याचं प्रत्येक म्हणणं घरात मान्य होतं, त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुला इतक्या वर्षांत एकदाही विरोध झाला नाही, याचं तुला आश्चर्य वाटलं नाही का? दोन प्रौढ माणसं राजकारणापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत, पैशापासून सुट्टीपर्यंत प्रत्येक बाबतीत एकाच निष्कर्षाला पोचतात, हे स्वाभाविकपणे होणं जवळपास अशक्य आहे. ते होत असेल तर कुणीतरी काहीतरी गिळतं आहे. आणि ज्याला गिळावं लागत नाही त्याला ते दिसायला हवं. रुसून बसणं, अबोला धरणं, मतभेदाला प्रेमाची परीक्षा बनवणं, ही शस्त्रं तो वापरतो. ती खाली ठेवणंही त्याच्याच हातात आहे.

असा जोडीदार काय करू शकतो, यावरही चांगलं काम झालं आहे. स्टीफन ड्रिगोटास, कॅरिल रुसबुल्ट आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये एका प्रक्रियेला मायकेलअँजेलोचं नाव दिलं. दगडात मूर्ती आधीपासून असते, शिल्पकार फक्त तिला मोकळी करतो, अशी त्या शिल्पकाराबद्दलची आख्यायिका आहे. जोडीदार आपल्याकडे कसं बघतो, कशाला दाद देतो, कशाकडे दुर्लक्ष करतो, यातून आपण घडत जातो. आणि हे घडणं आपल्या स्वतःच्या आदर्शाच्या दिशेने असेल तर माणूसही फुलतो, नातंही. धोका नेमका इथेच आहे. तोच छिन्नी-हातोडा जोडीदाराच्या मनातल्या प्रतिमेनुसार चालला तर? ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतो’ हे वाक्य दोन्ही ठिकाणी ऐकू येतं. म्हणून जोडीदाराला एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी: समोरच्या माणसाला स्वतःला काय व्हायचं आहे. ते कधी विचारलंच नसेल, तर घडवण्याचा अधिकारही नाही.

आसपासची माणसं कमी होत जाण्याबद्दलही सांगायला हवं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं आढळलं, की नवं प्रेमाचं नातं जुळलं की आधाराच्या सर्वात जवळच्या वर्तुळातली साधारण दोन माणसं बाहेर पडतात. कुणी हाकलत नाही. वेळ आणि मन मर्यादित असतं. हे समजण्यासारखं आहे. पण जुना मित्र ही नुसती सोबत नसते. तो आपल्याला जोडीदाराच्या आधीपासून ओळखत असतो. ‘तू तर असं कधी म्हणाली नसतीस’ हे सांगू शकणारा तो एकमेव साक्षीदार असतो, आणि साक्षीदार गेले की आपण बदललो हे कळायलाही कुणी उरत नाही.

यातूनच काळजी वाटावी अशा टोकाकडे वाट जाते. मोबाइलचा पासवर्ड, सतत चालू ठेवलेलं लोकेशन, कुणाशी बोलत होतीस याची रोजची विचारणा. तरुण जोडप्यांत हे सगळं प्रेमाचा पुरावा म्हणून मागितलं जातं आणि दिलंही जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या एका कायद्याने जवळच्या नात्यातलं नियंत्रण करणारं वर्तन हा गुन्हा ठरवला. मारहाण झालेली असण्याची अट त्यात नाही, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. माणसांपासून तोडणं, हालचालींवर पाळत ठेवणं, पैशाची नाडी आवळणं हे सगळं त्यात येतं. ब्लॅकस्टोनच्या देशाने अडीचशे वर्षांनी असा कायदा केला, हे मला मोठं वाटतं. अर्थात कायदा येतो तो टोकाला. त्याच्या अलीकडे फार मोठा प्रदेश असा आहे जिथे गुन्हा काहीच घडत नाही आणि माणूस तरीही विझत जातो.

मी स्वावलंबनाचा जप करायला हे लिहीत नाही. कुणावरही विसंबायचं नाही, मनातलं थोडं हातचं राखूनच ठेवायचं, कधीही निघता यावं अशी बॅग भरून ठेवायची, हा आजचा दुसरा सल्लाही मला तितकाच खोटा वाटतो. ब्रूक फीनी यांच्या 2007 च्या अभ्यासाने तो उलटा ठरवला. ज्यांचे जोडीदार त्यांचं विसंबून राहणं मनापासून स्वीकारत होते, ती माणसं सहा महिन्यांनी अधिक स्वतंत्र झालेली आढळली. आधार पक्का आहे हे कळलं की माणूस दूरवर जाऊ धजतो. म्हणजे ज्या घरात रडता येतं, त्याच घरात विरोधही करता येतो. दोन्हीला एकच खात्री लागते: याने मी नकोसा होणार नाही.

विसंबण्याची किंमत असते हे खरं. 2010 च्या एका अभ्यासात एरिका स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नातं तुटल्यावर माणसाला स्वतःचंच चित्र धूसर होतं, मी कोण हेच नीट सांगता येत नाही, आणि दुःखाचा मोठा भाग या धूसरपणातून येतो. पण हे मत जपण्याचं कारण म्हणून मी पुढे करणार नाही. उद्या नातं तुटलं तर उपयोगी पडेल म्हणून आज स्वतःचं मत ठेवायचं, हा हिशेब नात्याचा अपमान करतो. ते ठेवायचं ते नातं चालू असताना लागतं म्हणून. जोडीदाराने आजाराची लक्षणं अंगावर काढू नयेत म्हणून, चुकीच्या माणसावर भरवसा ठेवताना त्याला कुणी अडवावं म्हणून, तो स्वतःशी खोटं बोलत असताना कुणाला तरी ते दिसावं म्हणून. ज्याच्यापाशी वेगळी नजर नाही, तो या कामी येत नाही, मग त्याचं प्रेम कितीही खोल असो.

राहतो तो अवघड प्रसंग. बरीच वर्षं जुळवून घेतलेल्या माणसाने एक दिवस स्वतःचं मत सांगितलं आणि नातं त्याने हललं, तर लोक म्हणतात, की इतकं सुरळीत चाललं होतं, कशाला काढलंस? काही नाती अशा वेळी खरंच मोडतात, आणि त्या मोडण्याचा दोष बोलणाऱ्यावर येतो. तो त्याच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. एका माणसाच्या मौनावर उभं असलेलं ते नातं त्या मौनाची किंमत आधीपासूनच वसूल करत होतं. फरक एवढाच, की तोवर ती किंमत तो एकटाच भरत होता. आणि काही नाती मोडत नाहीत. ऐकणारा दुखावतो, गप्प होतो, आणि मग दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्या पुढच्या दिवशी येऊन विचारतो, की तुला हे कधीपासून वाटतंय? हा प्रश्न विचारला गेला, की उत्तराला वेळ द्यावा लागतो. वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नसेल, तर ते उत्तर ज्याचं त्यालाही पहिल्या फटक्यात सापडत नाही.